किनाऱ्यावर चालतंय कोण? इंग्रजीतल्या पार्टिसिपल फ्रेजविषयी

प्रश्न असा आहे: "आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांची आम्ही घरीच राहण्या-जेवणाची सोय करतो. त्यांच्यासाठी मी इंग्रजीत एक माहितीपत्रक लिहिलं. एका पाहुण्यांनी त्यातल्या तीन वाक्यांखाली रेघ ओढून 'डँगलिंग पार्टिसिपल' असा शेरा लिहिला. मराठीत मनात म्हणून बघितली तर वाक्यं सरळ वाटतात. मग चूक नेमकी कुठे आहे? आणि अशी वाक्यं लिहायचीच नाहीत का?"

ती तीन वाक्यं अशी:

"वॉकिंग अलाँग द बीच अ‍ॅट सनराइज, द टर्टल ट्रॅक्स वेअर सीन."

"हॅचिंग आफ्टर अबाउट फिफ्टी डेज, द व्हॉलंटियर्स रिलीज द टर्टल्स इन्टू द सी."

"बीइंग अ हॉलिडे, द फेरी वॉज क्राउडेड."

लिहायची, जरूर लिहायची. 'वॉकिंग', 'हॅचिंग', 'बीइंग' अशी क्रियापदापासून झालेली रूपं म्हणजे पार्टिसिपल, आणि त्यांनी बनलेला शब्दसमूह म्हणजे पार्टिसिपल फ्रेज. तिला वाक्यात तिचा खरा कर्ता मिळाला नाही की ती लोंबकळते, म्हणून 'डँगलिंग'. पार्टिसिपल फ्रेज टाळूनही इंग्रजी लिहिता येतं, पण मग सगळी वाक्यं आखूड आणि एकाच चालीची होतात आणि वाचणारा दुसऱ्या परिच्छेदातच कंटाळतो. तुमची तिन्ही वाक्यं थोडक्यात दुरुस्त होणारी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. ही चूक मी कच्च्या मुलांपेक्षा चांगलं मराठी लिहिणाऱ्या मुलांच्या वह्यांत जास्त पाहिली आहे. ती चांगल्या मराठीतूनच येते, म्हणून सुरुवात मराठीपासून करू या.

"किनाऱ्यावर चालताना कासवाचे माग दिसले." या वाक्यात मराठी कानाला काहीच खटकत नाही. चालणारा माणूस वाक्यात नाही, पण 'दिसणे' म्हटलं की ज्याला दिसलं तो आलाच. तो 'मला' किंवा 'आम्हांला' होऊन न उच्चारताही वाक्यात हजर असतो आणि 'चालताना' त्याच्याशी जुळतं. शिवाय '-ताना' या रूपाला दोन्हीकडे कर्ता एकच असण्याची सक्ती नाही. "सूर्य मावळताना आम्ही घरी आलो" यात मावळतो सूर्य, येतो आपण, आणि वाक्य शुद्ध.

इंग्रजीत सुरुवातीच्या 'वॉकिंग'ला एवढी मोकळीक नाही. ते मुख्य वाक्याचा कर्ता शोधतं, आणि हा कर्ता बहुतेक वेळा स्वल्पविरामानंतरचं पहिलंच नाम असतो. मनातला, न उच्चारलेला 'मला' त्याला चालत नाही. दावं सुटलेली होडी जो धक्का आधी येईल त्याला लागते, तसं ते पार्टिसिपल समोर येईल त्या नामाला जाऊन चिकटतं. तुमच्या वाक्यात समोर 'द टर्टल ट्रॅक्स' आहे, म्हणजे किनाऱ्यावर माग चालताहेत असा अर्थ झाला. तुम्हांला काय म्हणायचंय ते वाचणाऱ्याला कळेल, पण त्यासाठी त्याला क्षणभर थांबून वाक्य मनात नीट लावून घ्यावं लागेल. तेवढे कष्ट वाचकाला पडू नयेत, यासाठी हा नियम पाळायचा.

दुरुस्ती सोपी आहे: "वॉकिंग अलाँग द बीच अ‍ॅट सनराइज, वी सॉ द टर्टल ट्रॅक्स." चालणारे आणि बघणारे दोन्ही 'वी'.

आता एक युक्ती सांगते. मराठी मुलांना मी इंग्रजी व्याकरणाची व्याख्या नंतर देते, ही युक्ती आधी. '-ताना' मोकळं असलं तरी मराठीत दुसरं एक रूप आहे, ते या बाबतीत इंग्रजीइतकंच कडक आहे: '-ऊन'. "तो येऊन मी गेले" असं आपल्याकडचं शाळेत न गेलेलं माणूसही म्हणणार नाही. "तो आल्यावर मी गेले" असंच म्हणेल. '-ऊन'मागचा आणि मुख्य क्रियापदामागचा कर्ता एक असावा लागतो, हे आपल्या कानाला न शिकवता माहीत असतं. तेव्हा इंग्रजी पार्टिसिपल तपासताना मनातलं '-ताना' काढायचं आणि '-ऊन' लावायचं. मुख्य वाक्याचा कर्ता मात्र इंग्रजीत आहे तोच ठेवायचा.

तुमच्या दुसऱ्या वाक्याला लावून बघा: "पन्नासेक दिवसांनी अंड्यातून बाहेर येऊन कासवमित्र पिल्लांना समुद्रात सोडतात." ऐकलंत? अंड्यातून कासवमित्र बाहेर आले. इंग्रजी वाक्यातही नेमकं हेच लिहिलं गेलंय, फक्त परक्या भाषेत ते आपल्या कानाला पटकन टोचत नाही. दुरुस्त वाक्य: "हॅचिंग आफ्टर अबाउट फिफ्टी डेज, द टर्टल्स आर रिलीज्ड इन्टू द सी बाय द व्हॉलंटियर्स." पिल्लं बाहेर येतात, पिल्लं सोडली जातात. इथे पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी रचना, कामाला आला. पहिल्या वाक्यात त्याच पॅसिव्हने घात केला होता, कारण 'वेअर सीन' लिहिल्यावर बघणारी माणसंच वाक्यातून निघून गेली. पॅसिव्ह चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. पार्टिसिपलला हवा असलेला कर्ता पुढे राहतो की नाही, एवढंच बघायचं. आपल्याकडे शाळेत आणि सरकारी पत्रांत पॅसिव्हची इतकी सवय लागते की 'इट वॉज ऑब्झर्व्ह्ड', 'इट वॉज फाउंड' हात आपोआप लिहून जातो. पार्टिसिपलने सुरू होणाऱ्या वाक्यात 'इट वॉज' दिसलं की तिथे हटकून थांबा.

(अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात आणि ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं. तेव्हा माहितीपत्रकात 'अबाउट फिफ्टी' ऐवजी हा पल्लाच दिलात तर बरं. पाहुणे ठरावीक दिवशी पिल्लं बघायला मिळतील म्हणून येतात आणि हिरमुसतात.)

'-ऊन'च्या युक्तीला दोन मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. एक म्हणजे आपोआप घडणाऱ्या, कुणाच्या हातात नसलेल्या गोष्टी. "झाड पडून रस्ता बंद झाला", "पाऊस पडून नदीला पूर आला" यांत कर्ते वेगळे असूनही मराठीला चालतं. इंग्रजीत ते तसंच नेलंत तर "फॉलिंग ऑन द रोड, द ट्रॅफिक वॉज स्टॉप्ड" असं काहीतरी होईल आणि रस्त्यावर वाहतूकच कोसळेल. तिथे सरळ "अ ट्री फेल अँड ब्लॉक्ड द रोड" लिहावं.

दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. "पिल्लं पाहून मला आनंद झाला." मराठीत '-ऊन'ला 'मला' चालतं, जणू तोच कर्ता. आनंद होणं, वाटणं, आठवणं, भूक लागणं, भीती वाटणं अशा सगळ्या क्रियापदांत मराठी माणूस 'मला' होऊन उभा असतो आणि व्याकरणातला कर्ता भलताच असतो. इंग्रजीत तो माणूस 'आय' म्हणून पुढे आणावाच लागतो. "सीइंग द हॅचलिंग्ज, जॉय केम टु मी" नाही आणि "सीइंग द हॅचलिंग्ज, इट फेल्ट ग्रेट" हेही काटेकोर लेखनात नाही. "सीइंग द हॅचलिंग्ज, आय वॉज डिलाइटेड" असं लिहा. मराठीत विचार करताना 'मला', 'त्याला', 'पाहुण्यांना' आलं, की इंग्रजीत स्वल्पविरामानंतर त्याच व्यक्तीला बसवायचं. ही एक सवय लागली तर निम्म्याहून जास्त चुका तिथेच थांबतात, असा माझा अनुभव आहे.

कर्त्याच्या जागी चुकीचं नाम येण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो चांगल्या लेखकांच्याही नजरेतून सुटतो. वेळासविषयी लिहिताना नाना फडणवीसांचा उल्लेख तुम्ही करणारच. नानांचा जन्म 1742 साली साताऱ्याचा, पण घराणं मूळचं वेळासचं. हे एका वाक्यात लिहायला गेलं की होतं असं: "बॉर्न इन सातारा इन 1742, नाना फडणवीस्'ज अ‍ॅन्सेस्ट्रल व्हिलेज वॉज वेळास." स्वल्पविरामानंतर लगेच 'नाना' दिसतात, म्हणून मनाला बरोबर वाटतं. पण कर्ता नाना नाहीत, नानांचं गाव आहे. साताऱ्यात जन्मलं ते गाव, असा अर्थ होतो. षष्ठीतलं नाव कर्ता होऊ शकत नाही. "बॉर्न इन सातारा इन 1742, नाना फडणवीस केम ऑफ अ फॅमिली फ्रॉम वेळास" हे बरोबर. इथे 'बॉर्न' हे पास्ट पार्टिसिपल आहे. नियम तोच लागतो, कारण -इंग असो की 'बॉर्न', 'बिल्ट', 'सीन' असो, कर्ता शोधण्याची सगळ्यांची रीत एक आहे. बाणकोटच्या किल्ल्याबद्दल लिहाल तेव्हा "बिल्ट ऑन अ हिल, व्हिजिटर्स गेट अ फाइन व्ह्यू" लिहू नका. टेकडीवर बांधले गेले ते पाहुणे नव्हेत. "बिल्ट ऑन अ हिल, द फोर्ट लुक्स आउट ओव्हर द माउथ ऑफ द सावित्री" लिहा.

आता तिसरं वाक्य, सुट्टीचं आणि फेरीबोटीचं. "बीइंग अ हॉलिडे, द फेरी वॉज क्राउडेड" म्हणजे फेरीबोट हीच सुट्टी. या नमुन्याचं दुसरं वाक्य आपल्या शाळांच्या पत्रांत कायम असतं: "बीइंग अ रेनी डे, द स्कूल वॉज क्लोज्ड." व्याकरणाने ते नीट करायचं तर पार्टिसिपलला त्याचा स्वतःचा कर्ता द्यायचा: "इट बीइंग अ हॉलिडे, द फेरी वॉज क्राउडेड." पार्टिसिपलचा कर्ता वेगळा आणि तो शब्दांत लिहिलेला, अशा या रचनेला अ‍ॅब्सोल्यूट कन्स्ट्रक्शन म्हणतात. "द टाइड बीइंग लो, वी वॉक्ड अक्रॉस" हीही तीच. आपल्या "सूर्य मावळताना"ची इंग्रजीतली ही जवळची नातलग. शुद्ध आहे, पण आज बोलण्यात कोणी वापरत नाही आणि माहितीपत्रकात ती अवघडल्यासारखी वाटते. मी "अ‍ॅज इट वॉज अ हॉलिडे" किंवा "द फेरी वॉज क्राउडेड बिकॉज इट वॉज अ हॉलिडे" लिहीन. या घराण्यातला रोज भेटणारा प्रकार म्हणजे "वेदर परमिटिंग": "वेदर परमिटिंग, द बोट लीव्ह्ज अ‍ॅट सेव्हन." होड्यांच्या वेळापत्रकात हा दोन शब्दांचा तुकडा बिनधास्त वापरा. पावसाळ्याच्या तोंडावर तर तो हवाच. तसंच 'विथ' लावून केलेली रचनाही सहज वाटते: "विथ द टाइड राइजिंग, वी टर्न्ड बॅक."

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग "कन्सिडरिंग द हीट, द हाइक वॉज ईझी" हेही चूकच की. उष्म्याचा विचार चढण तर करत नाही. नाही, ते बरोबर आहे. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग', 'इन्क्लूडिंग', 'डिपेंडिंग ऑन', 'जजिंग बाय', 'जनरली स्पीकिंग' आणि 'गिव्हन' यांचा पार्टिसिपलपणा वापराने पुसट झाला आहे. आता ते शब्दयोगी अव्ययासारखे किंवा बोलणाऱ्याचा दृष्टिकोन सांगणारे झाले आहेत, कर्ता मागत नाहीत. आपल्या मराठीत 'धरून', 'सोडून' यांचंही असंच झालं आहे. "तुला धरून पाच जण" म्हणताना कोणी कोणाला धरलेलं नसतं. 'यूजिंग' या शब्दावर मात्र जाणकारांत एकमत नाही. "यूजिंग अ बास्केट, द नेस्ट इज कव्हर्ड" अशी वाक्यं विज्ञानाच्या लेखनात सर्रास दिसतात, पण माझ्या विद्यार्थ्यांना मी ती करू देत नाही. "द व्हॉलंटियर्स कव्हर द नेस्ट विथ अ बास्केट" लिहायला काही जास्त जागा लागत नाही.

फ्रेज वाक्यात कुठे ठेवायची, याचं उत्तर तुमच्याच विषयात आहे. "समुद्राकडे जाताना पिल्लं दिसली." कोण जात होतं, आम्ही की पिल्लं? मराठीत दोन्ही अर्थ निघतात आणि आपण प्रसंगावरून समजून घेतो. इंग्रजीत जागा बदलली की अर्थ बदलतो. "वॉकिंग टुवर्ड्स द सी, वी सॉ द हॅचलिंग्ज" यात आपण चाललोय. "वी सॉ द हॅचलिंग्ज क्रॉलिंग टुवर्ड्स द सी" यात पिल्लं चालली आहेत. 'सॉ', 'हर्ड', 'वॉच्ड', 'फाउंड' यांच्या कर्मानंतर बिनस्वल्पविरामाचं -इंग आलं की ते त्या कर्माचं. म्हणून "वी वॉच्ड द बोट्स स्टँडिंग ऑन द जेटी" लिहिलंत तर जेटीवर होड्या उभ्या राहतात.

स्वल्पविरामाचंही तसंच. "द नेस्ट्स प्रोटेक्टेड बाय द व्हॉलंटियर्स आर फेन्स्ड" म्हणजे सगळ्या घरट्यांपैकी जी कासवमित्रांनी राखली, तेवढीच कुंपणात आहेत. "द नेस्ट्स, प्रोटेक्टेड बाय द व्हॉलंटियर्स, आर फेन्स्ड" म्हणजे घरटी सगळीच राखलेली आणि सगळीच कुंपणात. एका स्वल्पविरामाच्या जोडीवर गावाचं काम किती मोठं आहे ते ठरतं. त्यामुळे हे छपाईवाल्यावर सोडू नका.

काळाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आपलं '-ऊन' दोन कामं एकाच वेळी करतं. "दार उघडून आत आला" यात क्रिया एकामागोमाग लगेच, आणि "जेवून झोपलो" यात पहिली पूर्ण होऊन मग दुसरी. इंग्रजी यांत फरक करतं. लगेच मागोमाग असेल तर "ओपनिंग द डोअर, ही केम इन" चालतं. पहिली क्रिया संपल्याचं सांगायचं असेल तर 'हॅविंग' लागतं: "हॅविंग लेड हर एग्ज, द टर्टल गोज बॅक टु द सी." इथे "लेइंग हर एग्ज" लिहिलंत तर अंडी घालता घालताच मादी परत निघाली असं होईल. पण 'हॅविंग'चं व्यसन लावून घेऊ नका. परीक्षेत वाक्यं जोडायला शिकवतात म्हणून मुलं "हॅविंग गॉन टु द मार्केट, आय बॉट फिश" लिहितात. असं कोणी बोलत नाही. "आय वेंट टु द मार्केट अँड बॉट फिश." मराठीतली पुष्कळ '-ऊन' इंग्रजीत साध्या 'अँड'ने उतरतात, आणि साधन सांगणारी 'बाय'ने: "मासे विकून घर चालवते" म्हणजे "शी रन्स द हाउस बाय सेलिंग फिश."

मुलांना आणखी एका गोष्टीची नाहक भीती असते. "आय अ‍ॅम नोइंग" चूक आहे असं शिकवलेलं असतं, ते बरोबरच. त्यामुळे 'नोइंग' हा शब्दच चूक अशी समजूत होते. तसं नाही. "नोइंग द क्रीक वेल, द बोटमॅन केप्ट क्लिअर ऑफ द सँडबार" हे उत्तम इंग्रजी आहे. 'नो', 'बिलीव्ह', 'वाँट' आणि जवळ असण्याच्या अर्थाचं 'हॅव' ही क्रियापदं सहसा चालू काळात बसत नाहीत, पण पार्टिसिपल फ्रेजमध्ये खुशाल येतात आणि कारण सांगतात. नकार हवा असेल तर 'नॉट' आधी येतो: "नॉट नोइंग द क्रीक, वी टुक अ गाइड."

वाक्याच्या शेवटी येणाऱ्या -इंगचं थोडं वेगळं आहे. "द विंड चेंज्ड, ड्रायव्हिंग द बोट्स बॅक टु हर्णै" यात 'ड्रायव्हिंग' एकट्या वाऱ्याचं म्हणा की वारा बदलण्याच्या सगळ्या घटनेचं म्हणा, परिणाम स्पष्ट आहे आणि वाक्य बरोबर आहे. पण प्रत्येक वाक्याला शेवटी 'मेकिंग इट', 'अ‍ॅडिंग टु', 'अट्रॅक्टिंग टूरिस्ट्स' अशी शेपटं लावण्याची पर्यटनाच्या लेखनात खोड आहे. "वेळास हॅज अ क्लीन बीच, अट्रॅक्टिंग मेनी टर्टल्स, मेकिंग इट फेमस" यातून काही कळत नाही. मादी कासव तिथे का येते, कोण घरटी राखतं, हे पूर्ण क्रियापदांत सांगा.

उरल्या सूचना. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला तुम्ही पाहुण्यांना काय करायचं आणि काय टाळायचं ते सांगणारच. तिथे "वॉकिंग निअर द हॅचरी, टॉर्चेस शुड बी स्विच्ड ऑफ" असं लिहिण्याचा मोह होतो आणि हॅचरीजवळ, म्हणजे अंडी राखून ठेवलेल्या जागेजवळ, बॅटऱ्याच पायी चालू लागतात. आज्ञार्थी वाक्यात कर्ता 'यू' लपलेला असतो, तो पार्टिसिपलला पुरतो. त्यामुळे "वॉकिंग निअर द हॅचरी, स्विच ऑफ युअर टॉर्च" व्याकरणाने शुद्ध आहे. तरी इथे मी पार्टिसिपल वापरणार नाही. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते, तेव्हा या सूचनेत कुणालाही दुसऱ्यांदा वाचावं लागता कामा नये: "व्हेन यू आर निअर द हॅचरी, स्विच ऑफ युअर टॉर्च अँड फोन लाइट." हे वाक्य पानाच्या वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात घ्या.